औटकीची करामत

२५ गुणिले ३६ किती? थांबा थांबा, वही उघडायची नाही. नुसतं डोकं चालवायचं!

उभी मांडणी मनातल्या मनात करायला गेलात, तर आधी ५ ने गुणा, हातचे ३ सांभाळा, मग २ ने गुणा, पुन्हा हातचा… बेरजेपर्यंत पोचता पोचता मघाचे १८० कुठे गेले, तेच आठवत नाही. डोक्यात एका वेळी इतकं मावतच नाही मुळी.

पण वर्गात एखादी मुलगी पटकन म्हणते, "नऊशे!" कसं गं? "चार पंचविसे शंभर. ३६ मध्ये चार नऊ वेळा, म्हणून नऊशे." मागच्या बाकावरून आवाज येतो, "मी ४० पंचविसे हजार केले आणि चार पंचविसे वजा केले." दोघंही बरोबर! मला विचाराल तर उत्तरापेक्षा हे 'कसं केलंस?' जास्त गमतीचं.

आता एक जुनी गंमत. पूर्वी मुलं संध्याकाळी परवचा म्हणायची. त्यात नुसते बे ते तीस पाढे नसायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही असायची. औट म्हणजे साडेतीन. म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, तेही तोंडपाठ!

एवढा खटाटोप कशाला? बाजारासाठी. तेव्हा रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर. समजा, ज्वारी मणाला १२ रुपये आहे, तर अडीच शेरांचे किती? वाणी क्षणात सांगायचा, १२ आणे! कारण अडीच शेर म्हणजे मणाचा सोळावा भाग आणि आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. भागाकार करायचाच नाही! (मला तर ही युक्ती काढणाऱ्याला शाबासकी द्यावीशी वाटते.)

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. मग किलोग्रॅम आले, शेर-मण गेले, आणि हे पाढेही मागे पडले. पण ते निकामी झाले असं समजू नका हं. १५ ने गुणायचंय? दिडकी म्हणा आणि पुढे शून्य द्या. १८ दीड २७, म्हणून १५ × १८ = २७०. ३५ ने गुणायचं तर औटकी: १६ औट ५६, म्हणजे ५६०. ७५ × २४ ला पाऊणकी: २४ पाऊण १८, आता दोन शून्यं, १८००. पंचवीस टक्के सूट? ती तर सरळ पावकीच.

घरात पंचाहत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांना सहज विचारा, "बारा औट किती?" आणि हो, मणाला ३६ रुपये भाव असेल, तर ५ शेरांचे किती होतील? उत्तर आण्यांतही सांगा आणि रुपयांतही.