नुकसानभरपाईस मर्यादा की कायद्यात समानता?

वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल द्यावयाच्या नुकसानभरपाईस कायद्याने कमाल मर्यादा असावी, अशी मागणी वैद्यक व्यवसायात अधूनमधून होत असते. तिचा आपल्या वैद्यवर्गास कितपत उपयोग आहे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने अशी मर्यादा १९७५ मध्ये घातली. विम्याचे हप्ते भरमसाट वाढल्याने तेथील डॉक्टर हवालदिल झाले होते. उपचारखर्च व बुडालेले उत्पन्न यांची भरपाई पूर्ववत राहिली. मात्र वेदना व मानसिक क्लेश यांपोटी २,५०,००० डॉलरहून अधिक रक्कम मिळेनाशी झाली. बालके, वृद्ध व गृहिणी यांना कमाई नसल्याने त्यांची भरपाई मुख्यतः याच सदरातील असते. त्यामुळे कात्री लागली ती त्यांनाच. अखेर २०२२ मध्ये कायदा सुधारून ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

भारतात अशी मर्यादा नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. २०१३ मध्ये कोलकात्यातील एका प्रकरणात सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई मंजूर झाली, तिची चर्चा फार झाली. परंतु आपल्याला अधिक बोधप्रद आहे तो १९९६ चा निकाल. मुंबईतील एका होमिओपॅथी चिकित्सकाने तापाच्या रुग्णास ॲलोपॅथिक औषधे दिली व पुढे तो रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचे शिक्षण घेतले नाही त्याची औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असे ठरवून न्यायालयाने ३ लाख रुपये भरपाई देवविली. एवढ्या रकमेला कोणती मर्यादा आड येणार? महाराष्ट्रात आधुनिक औषधांच्या वापरास राज्याने ठरावीक मुभा दिली आहे, हे खरे. पण मुभा म्हणजे अभय नव्हे.

आम्हास खरी चिंता वाटते ती फौजदारी कायद्याची. निष्काळजीपणा ठळक व गंभीर असल्याखेरीज चिकित्सकास गुन्हेगार मानू नये आणि कारवाईपूर्वी तज्ज्ञाचे निष्पक्ष मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. पूर्वीच्या दंड संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दल सर्वांनाच कमाल २ वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती ५ वर्षे केली. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकास मात्र वैद्यकीय उपचार करताना मृत्यू घडल्यास २ वर्षांची सवलत ठेवली. पण या व्यावसायिकाची व्याख्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याशी जोडलेली आहे. आपली पदवी व नोंदणी येते ती २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या कायद्याखाली. म्हणजेच, शब्दशः वाचल्यास, एकाच चुकीला डॉक्टरास २ वर्षे व वैद्यास ५ वर्षे!

औषधालयचालकांनीही सावध असावे. २०१९ च्या कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाबरोबर, काही परिस्थितींत, विक्रेताही उत्तरदायी ठरतो. अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ययुक्त कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. ती ग्राहकापर्यंत पोहोचविणे हे विक्रेत्याचे काम आहे.

जिवाला धोका असल्याची सूचना न देता उपचार करणारा वैद्य व उपचारातील दोषामुळे रुग्ण गमावणारा वैद्य, या दोहोंसाठी कौटिल्याने वेगवेगळा दंड सांगितला आहे. अपराधानुरूप दंड हे तत्त्व आपल्याला परके नाही. म्हणून भरपाईच्या मर्यादेपेक्षा कलम १०६ मधील व्याख्येत वैद्यांचा समावेश व्हावा, ही मागणी संघटनांनी आधी लावून धरावी, असे आमचे मत आहे.

तोवर केसपेपर पूर्ण लिहावा, पंचकर्मापूर्वी लेखी संमती घ्यावी, आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळीच चिठ्ठी देऊन पुढे पाठवावा. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत सामान्यतः २ वर्षांची असल्याने कागदपत्रे त्याहून अधिक काळ जपावीत. न्यायासनापुढे वैद्याच्या बाजूने बोलतात ती ही कागदपत्रेच.