ओव्हन नको, तवा पुरे : घरची इंग्लिश मफिन

गटाच्या बैठकीत बेकरीचा विषय निघाला की दुसऱ्या वाक्याला ओव्हन येतो आणि तिसऱ्याला कर्ज. म्हणून आज अशा पावाबद्दल बोलू, ज्याला ओव्हन लागतच नाही. त्याचं नाव इंग्लिश मफिन.

नावाचा घोळ आधी मिटवू. कागदाच्या वाटीत मिळणारा गोड मफिन हा छोटा केकच, तो बेकिंग पावडरनं फुगतो. इंग्लिश मफिन म्हणजे यीस्टनं फुगवलेला चपटा गोल पाव, आणि तो भाजतात तव्यावर. इंग्लंडात पूर्वी फेरीवाले डोक्यावर पाटी घेऊन, घंटा वाजवत तो गल्लोगल्ली विकायचे. तिथून सॅम्युएल बाथ थॉमस नावाचा माणूस 1874 मध्ये अमेरिकेला गेला, 1880 मध्ये त्यानं न्यूयॉर्कला बेकरी काढली आणि तिकडच्या न्याहारीत हा पाव रुळला. खापरावर मांडे करणाऱ्या आपल्या बायांना आच कशी सांभाळायची हे वेगळं शिकवायला नको.

आता माप लिहून घ्या. मैदा अर्धा किलो, कोमट दूध आणि पाणी मिळून 340 मिलि, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम म्हणजे सपाट दोन छोटे चमचे, साखर दोन चमचे, मीठ दीड चमचा, लोणी किंवा तेल दोन चमचे. यात 12 नग होतात. दूध बोटाला कोमट लागेल एवढंच हवं. कढत दुधात यीस्ट मरतं, मग कितीही थांबा, पीठ हलत नाही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला चिकटणारं राहतं. वरून मैदा भुरभुरायचा मोह आवरा, हाताला तेल लावा आणि दहा मिनिटं मळा. आत जाळी पडते ती या सैलपणामुळेच.

झाकून ठेवल्यावर पीठ दुप्पट व्हायला किती वेळ लागेल, ते घड्याळापेक्षा हवा ठरवते. डिसेंबरच्या थंडीत दीड-दोन तास सहज जातात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर गेला की पाऊण तासातच पीठ परातीबाहेर येऊ पाहतं आणि जास्त वेळ राहिलं तर आंबूस होतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी वापरा, पहाटे भिजवा. दुप्पट झालं की 12 गोळे करा, हलक्या हातानं बोटभर जाडीचे चपटे करा. ताटात बारीक रवा पसरून त्यावर ठेवा, वरूनही रवा भुरभुरा. पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा.

तवा जाड बिडाचा घ्या. भाकरीची आच इथे चालत नाही. गॅस अगदी मंद. तेल नको, खालचा रवाच चिकटू देत नाही. एका बाजूनं सात-आठ मिनिटं, मग उलटून तेवढीच. घाई केली तर वरून लाल आणि आत कच्चं राहतं. कडेला बोटानं दाबा. खड्डा लगेच भरून आला तर झालं. तव्यावर एका वेळी चार मावतात, म्हणून 12 नगांना पाऊण तास धरा.

उघडताना सुरी नको. काट्यानं कडेकडेनं टोचत दोन भाग करा, म्हणजे आतला भाग खडबडीत राहतो आणि लोणी त्यात मुरतं. परदेशात वर अंडं ठेवतात. मी म्हणेन, बामणोदच्या वांग्यांचं भरीत भरून बघा. विकायलाही हे वेगळं दिसेल.

विकायचं असेल तर हिशेब आधी. मैदा, दूध, यीस्ट आपण लिहितो. गॅस, पिशवी आणि आपली मजुरी लिहीत नाही. मळणं, भाजणं, पॅकिंग धरून अर्धी सकाळ जाते. ती फुकट धरून काढलेला भाव स्वस्त वाटतो आणि दोन महिन्यांत गट थकतो. बेकरीच्या लादीपावाशी भावात स्पर्धा करूच नका, त्यात आपण हरणार. ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत, भुसावळचे रेल्वे क्वार्टर्स इथे मोजक्या घरी आठवड्यातून एक दिवस द्या. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी घरगुती विक्रीलाही लागते. तिचा 14 आकडी क्रमांक, घटक, वजन आणि तारीख पाकिटावर हवी. ओव्हनचा विचार तवा अपुरा पडायला लागल्यावर करू.

पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका. आत वाफ धरली की बुरशी येते, पावसाळ्यात तर लवकरच. बाहेर दोन दिवस, पावसाळ्यात एकच दिवस धरा. उघडलेलं यीस्ट घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि पहिल्या खेपेला निम्मंच माप घ्या.