पाऊस थांबला, तरी तळघर का पाझरतं?

गणपती गेले, नवरात्र सरलं, दिवाळी तोंडावर आली. पाऊस थांबलेला असतो. तरीही पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये भिंतीच्या पायथ्याशी ओल असते, सांध्यातून पाणी वर येत असतं आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यातला पंप दिवसरात्र चालू असतो. कुणी म्हणतं पाइप फुटला, कुणी म्हणतं ड्रेनेज तुंबलं. प्लंबर येतो, फोडाफोड होते, हाती काही लागत नाही. कारण बऱ्याचदा ते पाणी कुठल्याच पाइपातलं नसतं. ते जमिनीचं असतं.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसला आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याखाली अखंड पाषाण. पावसाचं पाणी मुरमातून खाली झिरपतं, पाषाणापाशी अडतं आणि उतार धरून आडवं सरकू लागतं. शेतकरी विहीर खणतो ते हेच आडवे झरे गाठायला. तळघरासाठी दोन मजले खोल खड्डा घेतला, की तेच झरे उघडे पडतात. खोलीच्या हिशेबाने तळघर ही विहीरच आहे. फरक एवढाच, की इथे पाणी कुणालाच नको असतं.

खोदाई बहुधा उन्हाळ्यात होते आणि खड्डा कोरडा दिसतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, ती पातळी वर्षभरात वरखाली होते म्हणूनच. मेमधल्या कोरड्या खड्ड्यावरून ‘इथे पाणी नाही’ असं ठरवणं ही या साऱ्या दुखण्याची सुरुवात आहे. तळघराचा आराखडा पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीवरच बेतायला हवा.

पाण्याचा जोर किती असतो, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. पाण्याची पातळी फरशीच्या तळापेक्षा ३ मीटर वर गेली, तर खालून प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ३ टन इतका रेटा बसतो. २० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन त्याच एक चौरस मीटरला साधारण अर्धा टन भरतं. म्हणजे नुसत्या वजनावर ही फरशी टिकणार नाही. तिला भरपूर सळई हवी आणि इमारतीच्या पायाशी पक्की जोड हवी. भर पावसाळ्यात जमिनीखालची टाकी धुण्यासाठी पूर्ण रिकामी केली, की कधी कधी तिचा तळ उचलला जातो, तोही याच रेट्याने.

एवढ्या जोराच्या पाण्याला फटही लहानच पुरते. फरशी आणि भिंत वेगवेगळ्या दिवशी ओतली जाते, तो सांधा सर्वांत कच्चा. नीट न ठोकलेल्या काँक्रीटमधल्या पोकळ्या, पाइपासाठी ठेवलेली भोकं, ह्याही त्याच्या वाटा. खड्ड्याची कड आणि भिंत यांच्यात राडारोडा भरून टाकण्याची वाईट सवय तर सर्रास दिसते. त्या पोकळ भरावात पावसाचं पाणी साठतं आणि भूजल खोल असलं तरी भिंत महिनोन्महिने पाण्यात उभी राहते.

ओळखायचं कसं? गळती बारा महिने एकसारखी असेल, तर आधी नळ आणि टाकी तपासा. पावसाबरोबर वाढून हिवाळ्यात हळूहळू ओसरत असेल, तर भूजलाचा संशय घ्या. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडा चिकटवून दोन दिवस ठेवा. मागच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय; पुढच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ आहे. लोणा धरलेला पट्टाही पाण्याची वाट दाखवतो.

आतून रंग आणि लेप लावण्यात सोसायट्या पैसे घालवत राहतात, याचं वाईट वाटतं. पाणी बाहेरून ढकलत असतं, लेप सुटून येतो. भेगेत रसायन भरलं, तर तेवढी भेग बंद होते आणि पाणी शेजारून वाट काढतं. खरं काम बांधतानाच होतं: भिंतीच्या बाहेरून जलरोधक थर किंवा शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग, सांध्यात वॉटरस्टॉपची पट्टी, भिंतीमागे खडीचा थर आणि पाण्याला निघून जायला वाट. बांधून झालेल्या इमारतीत उरतो तो पन्हळ आणि पंप. पंपाचं पाणी गढूळ येत असेल, तर मात्र लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पायाखालची माती वाहून जात असण्याची शक्यता असते.

आणि हे उपसलेलं पाणी गटारात सोडू नका. त्याच सोसायट्या मार्चपासून टँकर मागवतात. पाणी तपासून घ्या, फ्लशला आणि बागेला वापरा. घर घेणाऱ्यांनो, सँपल फ्लॅट कधीही पाहा, पण तळघर सप्टेंबरमध्येच पाहा आणि पंप किती वेळ चालतो ते वॉचमनला विचारा.