लसूणघासाच्या नव्या मळ्यातील अमरवेलीचा बंदोबस्त

ज्या शेतकऱ्याच्या विहिरीस बारमाही पाणी आहे व गोठ्यात दुभते जनावर आहे, त्यास लसूणघासासारखे उपयोगी वैरणीचे पीक क्वचितच सापडेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला घास सुमारे दीड ते दोन महिन्यांत पहिल्या कापणीस येतो. पुढे दर २५ ते ३० दिवसांनी त्याची कापणी मिळते आणि निगा चांगली राखल्यास मळा तीन वर्षे टिकतो. परंतु जे पीक इतका काळ जमिनीत राहावयाचे, त्याच्या आरंभीच्या दोन महिन्यांत झालेली हयगयही तितकाच काळ भोगावी लागते. अमरवेलीकडे दुर्लक्ष करणे ही अशा हयगयींपैकी सर्वांत महाग पडणारी होय.

अमरवेलीचा स्वभाव

अमरवेल हे साधे तण नव्हे. तिला पाने नसतात. पिवळसर-नारिंगी सुताचा गुंता पिकावर पसरावा, तशी ती दिसते. तिचे बी रुजले की त्यातून एक बारीक दोरा वर येतो व आधाराच्या शोधात हेलकावे घेऊ लागतो. घासाचे कोवळे रोप सापडताच तो त्यास वेढे घालतो आणि खोडात शोषक मुळे रोवून अन्नरस पिऊ लागतो. त्यानंतर त्याचा जमिनीशी संबंध तुटतो. यामुळे घासावर चढलेली वेल खुरप्याने काढू म्हटले तर निघत नाही. उलट ओढताना तुटलेला तुकडा शेजारच्या झाडावर पडला, तर तेथेही तो जीव धरतो.

मात्र याच स्वभावात तिचे वर्मही आहे. नुकत्याच रुजलेल्या दोऱ्यास थोड्याच दिवसांत आधार मिळाला नाही, तर तो वाळून जातो. तेव्हा अमरवेलीशी करावयाचा सामना पेरणीपूर्वी व पहिल्या कापणीच्या आतच केला पाहिजे.

बियाण्यातून येणारा शत्रू

अमरवेल बहुधा घासाच्या बियाण्याबरोबरच शेतात शिरते. घासाचे बी मूत्रपिंडाच्या आकाराचे, गुळगुळीत व पिवळसर असते. अमरवेलीचे बी त्याहून बारीक, गोलसर, खरखरीत व करड्या-तपकिरी रंगाचे असते. पेरणीपूर्वी मूठभर बियाणे पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिल्यास हा फरक ओळखता येतो. बारीक चाळणीने चाळल्यास अमरवेलीचे पुष्कळसे बी खाली पडते. त्याबरोबर घासाचे थोडे बारीक बीही जाईल, पण त्याची हळहळ करू नये. चाळणीखाली पडलेले सर्व बी जाळून टाकावे.

तथापि, काही दाणे आकाराने घासाच्या बियाएवढे असल्याने केवळ चाळणीवर विसंबून चालत नाही. बियाणे प्रमाणितच घ्यावे. घासाच्या बियाण्याच्या प्रमाणीकरणात अमरवेल हे आक्षेपार्ह तण मानले जाते, ते याच कारणास्तव.

पेरणीची तयारी

ज्या जमिनीत पूर्वी अमरवेल दिसली होती, तेथे नवा घास पेरूच नये. नुसती शंका असेल, तर मशागत झाल्यावर वाफ्यांस एक पाणी द्यावे, तणे उगवू द्यावीत आणि वाफसा येताच हलकी कुळवणी करून ती मारावीत. त्यानंतर ३० सेंटिमीटर अंतरावर ओळींत पेरणी करावी. हेक्टरी सुमारे २५ किलो बियाणे पुरते. फोकून पेरलेल्या घासात ना कोळपे चालते, ना वेलीचा पहिला दोरा नजरेस पडतो. पेरणीनंतर उगवणीपूर्वी फवारावयाच्या पेंडीमिथॅलीन या तणनाशकाचाही उपयोग होतो. पण त्याचे प्रमाण व ते वापरल्यावर वैरण कधी कापावी, हे कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच ठरवावे.

पहिले कडे दिसताच

उगवणीनंतर दर तीन-चार दिवसांनी मळ्यातून फेरी मारावी. अमरवेल एका ठिकाणाहून चोहोकडे पसरत असल्याने आरंभी तिचे लहानसे पिवळे कडे दिसते. ते दिसताच, फुले येण्यापूर्वी, वेलीसकट तेथील घास जमिनीलगत कापावा. कड्याबाहेरचाही हात-दोन हात घास कापावा, कारण वेलीची टोके डोळ्यांस दिसतात त्याहून पुढे गेलेली असतात. कापलेले सर्व त्याच जागी वाळल्या काडीकचऱ्याने जाळावे. भारा बांधून मळ्यातून नेल्यास वाटभर तुकडे सांडतात. पुढील कापण्यांतही त्या जागेवर लक्ष ठेवावे.

हिरवागार घास जाळावयाचा, हे शेतकऱ्याच्या जिवावर येते. ‘जनावर घासाबरोबर वेलही खाते, मग कापून जाळायची कशाला?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, वेलीवर बी धरले असल्यास ते जनावराच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडते, शेणाबरोबर उकिरड्यात जाते आणि खताच्या गाडीतून पुन्हा शेतात येते. एक वेल हजारो बिया देते. कठीण कवचामुळे त्या सगळ्या एकदम रुजत नाहीत. काही दहा वर्षांहूनही अधिक काळ जमिनीत जिवंत राहतात. आज दोन भारे घास वाचविणारा शेतकरी पुढील कित्येक वर्षांचे संकट पदरात घेतो.

मळाच व्यापला असल्यास

कड्यांनी मळाच व्यापला असेल, तर मोह सोडून तो मोडावा. पुढे काही वर्षे त्या जमिनीत ज्वारी, बाजरी, मका, गहू अशी तृणधान्ये घ्यावीत. त्यांवर अमरवेल पोसत नाही. मात्र त्या पिकांतील रुंद पानांची तणेही काढावीत, कारण त्यांवर ती तग धरते. कांदा, मिरची, हरभरा व कारळे ही पिके तेथे टाळावीत.

अमरवेल असलेला घास बियाण्यासाठी तर कदापि राखू नये. असे बियाणे विकणे अथवा शेजाऱ्यास उसने देणे म्हणजे आपल्या शेतातील शत्रू त्याच्या शेतात धाडणे होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी घास पेरणाऱ्यांचे बियाणे पाहावे आणि उगवणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांच्या मळ्यांस भेट द्यावी. पहिले कडे ज्या मळ्यात आढळेल, तेथे गावातील सर्व घास उत्पादकांना बोलावून ते कसे कापावे व जाळावे, हे प्रत्यक्ष करून दाखवावे. चार हात घासावर वेळीच पाणी सोडण्याची तयारी दाखविणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यास तीन वर्षे हिरवी वैरण मिळत राहील.