लांब पल्ल्याचें धावणें : पाणी, मीठ आणि गूळ

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यानें पहाटेच्या प्रहरीं गेलें, तर उंसाच्या फडांच्या कडेकडेनें धावणारे तरुण आणि तरुणी दृष्टीस पडतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी सैन्याची, तर कोणी केवळ मॅराथॉनच्या हौसेनें पाय झिजवीत असतो. शहरांतील सुशिक्षित घरांतही हा छंद आतां शिरला आहे. बूट कोणते घ्यावेत याची चर्चा घरोघरीं होते. परंतु पाणी किती व केव्हां प्यावें आणि पोटांत काय असावें, याविषयीं मात्र ऐकीव गोष्टींवरच भिस्त असते. धावतांना पाणी प्यालें कीं पोटांत कळ येते, असें एक सांगतो. जितकें पाणी प्यावें तितकें चांगलें, असें दुसरा सांगतो. दोन्ही मतें अर्धवट आहेत, आणि कोणत्याही एकाच्या आहारीं गेल्यास प्रसंग जिवावर बेतूं शकतो.

प्रथम घामाचा विचार करूं. धावतांना शरीरांत जी शक्ति निर्माण होते, तिचा सुमारें चौथा हिस्सा काय तो पाय हलविण्याच्या कामीं येतो. बाकीची सर्व उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्याची युक्ति आपल्या माठासारखीच आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाळतें आणि वाळतांना आंतील उष्णता घेऊन जातें. एक लिटर घाम कातडीवर वाळला, म्हणजे सुमारें ५८० उष्मांक उष्णता तो घेऊन जातो. म्हणून घाम येणें हें दुर्बळपणाचें लक्षण नसून शरीर आपलें काम बजावीत असल्याची खूण आहे. धावणाऱ्यास तासाला अर्ध्या लिटरापासून दीड-दोन लिटरांपर्यंत घाम येऊं शकतो.

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेंतील. नीरेच्या डाव्या कालव्यानें शेतें हिरवीं झालीं, तरी हवा कोरडीच राहिली. अशा हवेंत घाम येतांक्षणींच वाळून जातो, आणि धावणाऱ्यास वाटतें कीं आपल्याला फारसा घाम आलाच नाहीं. सदऱ्यावर उमटलेले मिठाचे पांढरे डाग मात्र खरी गोष्ट सांगतात. उलट मुंबईच्या दमट हवेंत घाम गळतो, पण वाळत नाहीं, म्हणून अंग थंड होत नाहीं. २०१४ च्या जून महिन्यांत मुंबईस पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळीं कांहीं उमेदवार प्राणास मुकले. तेव्हां अंतर थोडें आहे म्हणून ऊन क्षम्य होतें, असें कोणीं समजूं नये. धावण्याची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची असावी. पाणी हें सावलीचें काम करूं शकत नाहीं.

आपला घाम किती जातो, हें समजण्यास एक साधा वजनकांटा पुरे. धावण्यापूर्वीं व नंतर, अंग पुसून, कमींत कमी कपड्यांवर वजन करावें. तासाभरांत ८०० ग्रॅम वजन घटलें, तर जवळजवळ तितके मिलिलिटर घाम गेला. मध्यें कांहीं प्यालें असल्यास तें त्यांत मिळवावें. वजनाच्या शेंकडा दोनपेक्षां अधिक तूट झाली, म्हणजे साठ किलोच्या माणसाची सव्वा किलोच्या आसपास, तर चाल मंदावूं लागते. तूट त्या मर्यादेच्या आंत राखावी, इतकाच पाणी पिण्याचा हेतु.

आणि धावून आल्यावर वजन वाढलेलें आढळलें, तर ती धोक्याची घंटा समजावी. २००२ सालच्या बोस्टन मॅराथॉनमध्यें ४८८ धावपटूंचें रक्त तपासलें असतां, शेंकडा तेरांच्या रक्तांत मिठाचा अंश, म्हणजे सोडियम, प्रमाणाच्या खालीं उतरलेला आढळला. तहान नसतां घटाघट पाणी पिणें, हें त्याचें मुख्य कारण. अशा माणसास डोकेदुखी, ओकारी व भ्रम होतो, आणि भोंवतालचे लोक पाणी कमी पडलें समजून आणखी पाणी पाजतात! उन्हाचा तडाखा बसलेला माणूसही असाच भ्रमिष्ट होतो. भ्रम दिसतांच पाजण्याचा आग्रह न धरतां सावलींत नेऊन, अंग तापलें असल्यास त्यावर भरपूर गार पाणी ओतावें आणि तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

आतां शिदोरीकडे वळूं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांनीं आपले खेळाडू ऑलिंपिकला धाडण्याची खटपट केली. त्यांतूनच १९२० सालीं ॲन्टवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅराथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. ती धाव पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची होती. हिशेब असा कीं, दर किलोमीटरास दर किलो वजनामागें सुमारें एक उष्मांक खर्च होतो. साठ किलोच्या माणसास एवढ्या अंतराला अडीच हजारांवर उष्मांक लागतील. स्नायू व यकृत यांत सांठविलेली शर्करा सुमारें ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार उष्मांकांची. चरबीची कोठी मोठी खरी, पण तिचें दार अरुंद. तिच्यांतून शक्ति हळूहळू मिळते. म्हणूनच तिसाव्या किलोमीटराच्या पुढें पाय एकाएकीं शिशासारखे जड होतात.

यावर उपाय आपल्याच घरांत आहे. आदल्या रात्रीं भात किंवा भाकरी पोटभर. धावण्यापूर्वीं तास-दीड तास एखादें केळें. तासाच्या आंतील धावेस वाटेंत कांहीं खाण्याची गरज नाहीं. बारामतींत साठी ओलांडलेल्या लता भगवान करे यांनीं नऊवारी लुगडें नेसून जी शर्यत जिंकली आणि ज्यांच्यावर पुढें २०२० सालीं चित्रपट निघाला, त्यांची ती शर्यत अवघ्या तीनएक किलोमीटरांची होती. तेथें शिदोरीचा प्रश्न नव्हता. दीड तासापलीकडील धावेस मात्र दर तासाला ३० ते ६० ग्रॅम शर्करा पोटांत जावी. मोठ्या लिंबाएवढा गुळाचा खडा व एक केळें, एवढ्यानें तें काम भागतें. शेंगदाणे पौष्टिक, पण सावकाश पचणारे. ते धाव संपल्यावर खावे.

साखर व मीठ एकत्र कां घ्यावें? आंतड्याच्या भिंतींत एक दार असें आहे कीं, त्यांतून शर्करा व सोडियम जोडीनेंच आंत जातात, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढलें जातें. याच तत्त्वावर १९७१ सालीं डॉ. दिलीप महालनबीस यांनीं बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले. धावणाऱ्यानें लिटरभर पाण्यांत साखरेचे दहा-बारा सपाट चमचे, पाव चमचा मीठ व एक लिंबू घालावें. निव्वळ उंसाचा रस फार गोड. तो जठरांत रेंगाळतो. तितकेंच पाणी व चिमूटभर मीठ घातल्यास तो चालेल. मात्र मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनीं डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून हे प्रयोग करूं नयेत.

आषाढीच्या वाटेवर श्रीतुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णें, निमगांव केतकी करीत इंदापुरास येते. वारकरी वाटेंत थोडें थोडें पितो, प्रत्येक विसाव्यास कांहीं खातो, आणि पुढें चालूं लागतो. धावणाऱ्याचा नियम याहून निराळा नाहीं. घरीं परतल्यावर जितकें वजन घटलें असेल, त्याच्या सव्वापट ते दीडपट पाणी, मीठ घातलेलें ताक व सरबत, पुढील कांहीं तासांत घोटघोट घ्यावें. आणि तासाभरांत पिठलें-भाकरी किंवा वरण-भात जेवावा. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी उद्यां पहाटे धावण्यास निघेल, तेव्हां बुटांच्या शेजारीं पाण्याची एक बाटली आणि गुळाचा खडा आठवणीनें ठेवावा.