खड्डा की माउंट?

पेणहून नागोठणेमार्गे रोह्याला जाताना गाडीखाली ‘खट्’ झालं की आपण खड्ड्याला दोष देतो. थांबा, आधी व्हेरिएबल वेगळं करा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू चालवत अ‍ॅक्सिलरेटर सोडा, पुन्हा दाबा. तरीही खट्? मग गिअरबॉक्स धरणाऱ्या माउंटचं रबर फाटलं असेल. गिअरबॉक्स हलतो आणि ताण बाकीच्या माउंटवर येतो. पण हा संशयच. ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट झिजला तरी असाच आवाज येतो. मेकॅनिकला खालून बघू द्या. तोवर क्लच हळू सोडा, ओव्हरटेक टाळा, जवळचं गॅरेज गाठा. गिअर पडत नसेल किंवा निसटत असेल, तर गाडी टो करूनच न्या. रिसर्चमध्येही हेच: पहिलं कारण सुचलं म्हणून ते सिद्ध होत नाही.