तारण

माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. तिथे घोडा म्हणजे चैन नव्हे, घरची चूल. बँकेत असताना एका कर्जदाराचा घोडा पाहायला मी गेलो होतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेलं ते जनावर पाठीला हात लावू देईना. नाताळची गर्दी, हप्ता थकलेला.

“खोगीर चढवा, दोन फटके द्या,” मी म्हणालो.

“साहेब, घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. भ्यालेल्याला मारलं, तर उद्या गिऱ्हाइकाचं पोर दरीकाठी पाडंल.”

तो रोज खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जवळ जाई. खरारा करी, तोबरा बांधी आणि खोगीर न चढवताच परते. हंगाम डोळ्यांदेखत निघून गेला. मी मुदतवाढीच्या कागदावर सही केली, काहीशी नाराजीनंच.

होळीला पुन्हा गेलो. मालकाची चाहूल लागताच घोड्यानं कान टवकारले आणि मान त्याच्या खांद्यावर टाकली. पाठीवर एक लहान मुलगी निवांत बसली होती.

पावसाळ्यापूर्वी हप्ते फिटले. आमच्या कागदांत तो घोडा ‘तारण’ होता. विश्वासासाठी मात्र त्या कागदात रकाना नव्हता.